वेपचा ढग, गुलालाची धूळ आणि छतावरचा डिटेक्टर

डोंगरावरची हवा

कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर नुसती हवा कधीच नसते. चैत्र पौर्णिमेला तिच्यात गुलाल असतो. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच निशाणकाठ्या, नाचताना तो इतका उधळला जातो की देवळाच्या काळ्या दगडापासून माणसाच्या पापणीपर्यंत सगळं गुलाबी होऊन जातं. माघातल्या खेट्यांच्या, म्हणजे डोंगराच्या वाऱ्यांच्या, रविवारी धूप, कापूर आणि अगरबत्ती यांचा वास पायऱ्यांपासूनच येऊ लागतो. पावसाळ्यात तर समुद्रसपाटीपासून सुमारे 3100 फुटांवरच्या वाडी रत्नागिरीत, म्हणजे डोंगरावरच्या गावात, धुकं दारा-खिडक्यांतून सरळ खोलीत येऊन बसतं.

या सगळ्यात अलीकडे वेपची, म्हणजे ई-सिगारेटची, भर पडली आहे. पुण्या-मुंबईहून, बेंगळुरूहून येणाऱ्या किंवा गोव्याला जाता-जाता देवदर्शन उरकणाऱ्या तरुण मंडळींच्या खिशात पेनासारखी किंवा पेनड्राइव्हसारखी दिसणारी ती वस्तू असते. आई-वडील शेजारच्या खोलीत, बाहेर गार वारा, उघड्यावर ओढायची चोरी. मग खोलीतच, नाहीतर बाथरूममध्ये दोन झुरके मारले जातात.

पूर्वी जोतिबाला मुक्काम म्हणजे आपल्या पुजाऱ्याचं घर. ओसरीवर पथारी, परड्यात अंघोळ, पुरणपोळीचा नैवेद्यही तिथंच व्हायचा. कौलातून वारा खेळायचा आणि चुलीचा धूर कौलातूनच निघून जायचा. आता डोंगरावर आणि खाली कोल्हापूरच्या रस्त्याला बंद खिडक्यांच्या, एसीच्या, अटॅच बाथरूमच्या खोल्या मिळतात. त्यातल्या बऱ्या लॉजमध्ये छताला एक पांढरी गोल डबी असते आणि तिच्यावर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. हाच स्मोक डिटेक्टर.

‘वेपमध्ये काही जळतच नाही, मग अलार्म कसा वाजेल?’ हा प्रश्न काउंटरवर अगदी आत्मविश्वासानं विचारला जातो. त्याचं थेट उत्तर आधी देतो: वाजू शकतो. कधी वाजेल आणि कधी नाही, हे मात्र ओढणाऱ्याच्या हातात नसतं.

वेपमधून निघतं ते काय

वेपमध्ये काही जळत नाही, इथपर्यंत म्हणणं बरोबर आहे. आत एक लिथियम बॅटरी, एक तारेचं वेटोळं, त्याला लागून कापसाची वात आणि ती वात भिजवणारा द्रव, एवढाच मामला. या द्रवात मुख्यतः प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. जोडीला निकोटीन आणि आंबा, पुदिना वगैरे वास. झुरका घेतला की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती वाफ गार होता होता तिचे बारीक थेंब तयार होतात. तोंडातून पांढरा ढग निघतो तो या थेंबांचा.

पाणी उकळल्यावर निघणारी वाफ आणि हा ढग यांत फरक आहे. हे थेंब तेलकट, चिकट असतात. त्यांचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही लहान. जळत्या लाकडाच्या, कापडाच्या, वायरीच्या धुरातले कणही साधारण याच मापाचे. नाटकात स्वर्ग किंवा स्मशान दाखवायला रंगमंचावर जो धुराचा लोट सोडतात, त्या यंत्रातही बहुधा ग्लायकॉलचाच द्रव असतो. ज्या नाट्यगृहात डिटेक्टर बसवलेले असतात तिथं असा प्रवेश असला की आधी तंत्रज्ञाशी बोलून ठेवावं लागतं, नाहीतर ऐन प्रवेशात हूटर सुरू होतो. वेप म्हणजे याच यंत्राचं खिशातलं रूप.

डबीच्या आत

आपल्याकडच्या लॉज-हॉटेलांत बहुतेक ठिकाणी दिसतो तो प्रकाशावर चालणारा डिटेक्टर. त्याच्या आत एक काळी, वळणावळणाची पोकळी असते. हवा आत शिरते, बाहेरचा उजेड शिरत नाही. पोकळीत एका बाजूला न दिसणारा प्रकाश टाकणारा छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो प्रकाश टिपणारा डोळा. दोघं समोरासमोर नसतात, तिरके बसवलेले असतात. पोकळीतली हवा स्वच्छ असेल तर दिव्याचा प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही. धुराचे कण आत आले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि त्यातला थोडा डोळ्यावर पडतो. कौलाच्या फटीतून येणाऱ्या कवडशात एरवी न दिसणारी धूळ चमकते, तसंच हे. डोळ्यावर पडणारा प्रकाश ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की लाल ठिपका लुकलुकायचा थांबून स्थिर होतो, खाली काउंटरच्या पॅनेलवर त्या झोनचा, म्हणजे इमारतीच्या त्या भागाचा, दिवा लागतो आणि हूटर सुरू होतो.

प्रकाश विखुरणारी वस्तू धूर आहे, गुलाल आहे की वेपचे थेंब, हे त्या डोळ्याला कळत नाही. त्याला फक्त चमक कळते. सगळी गोम इथं आहे.

दुसरा प्रकार आयनीकरणाचा. त्यात अमेरिशियम-241 या किरणोत्सर्गी पदार्थाचा अगदी किंचित अंश असतो. त्याच्या किरणांमुळे दोन पट्ट्यांमधल्या हवेतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहत राहतो. धूर शिरला की तो प्रवाह घटतो. भडकन पेट घेणाऱ्या आगीतले अतिसूक्ष्म कण हा चटकन ओळखतो, धुमसणाऱ्या आगीत मात्र मागे पडतो. अमेरिकेतल्या घरांत हा प्रकार पुष्कळ वापरात आला. आपल्याकडे किरणोत्सर्गी पदार्थाची कोणतीही वस्तू म्हटली की अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात. वेपचा दाट ढग थेट अंगावर आला तर हाही वाजू शकतो.

तिसरा उष्णतेवर चालणारा. आसपासचं तापमान साधारण 57 अंशांवर गेलं, किंवा फार झपाट्यानं वाढलं, की हा वाजतो. स्वयंपाकघरात हाच लावतात, कारण फोडणी दिली की अलार्म वाजला तर खानावळ चालणार कशी? वेपशी याचं काही देणं-घेणं नाही. पण झोपलेल्या माणसासाठी हा एकटा पुरेसाही नाही. खोली धुरानं भरून माणूस गुदमरला तरी छताजवळचं तापमान तेवढं वाढलेलं नसतं.

9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. 10 बाळं गेली. त्यांतली 3 भाजून आणि 7 धुरानं गुदमरून गेल्याचं तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. ज्वाळांच्या आधी धूर मारतो, म्हणून धूर ओळखणारं यंत्र लागतं.

आता धूर आणि उष्णता एकत्र तपासणारे, काही कार्बन मोनॉक्साइडही मोजणारे डिटेक्टर मिळतात. दोन-तीन खुणा जुळल्याशिवाय ते ओरडत नाहीत. वेपच्या ढगात उष्णताही नसते आणि जळण्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइडही नसतो, त्यामुळे हे त्याला सहसा फसत नाहीत. पण ते महाग पडतात. वर्षातले काही रविवार आणि एक यात्रा यांवर चालणारा लॉजमालक किती ठिकाणी ते लावील, हा प्रश्न आहेच.

‘काल तर वाजला नाही’

एका रात्री ओढला, वाजला नाही. म्हणून दुसऱ्या रात्री निवांतपणे ओढला आणि वाजला. यात यंत्र बिघडलेलं नसतं. वेपचे थेंब हवेत फार टिकत नाहीत. मोठ्या, हवेशीर खोलीत ते थोड्याच वेळात विरून जातात, मागे वास तेवढा राहतो. डिटेक्टर कॉटच्या थेट वर आहे की दाराजवळ, पंखा चालू आहे की बंद, एसीचा झोत ढगाला कुठे ढकलतो, यावर सगळं ठरतं. डिटेक्टरखाली उभं राहून वर तोंड करून ढग सोडला तर तो वाजण्याची शक्यता पुष्कळ. खोलीच्या दुसऱ्या टोकाला एखादाच झुरका असेल तर कमी. चौघं मित्र पत्ते खेळत बसलेत आणि चौघांचं चालू आहे, तर खोलीत थर साचत जातो आणि मग कुणाच्या झुरक्यानं वाजला हे शोधण्यात अर्थ नसतो.

बाथरूममध्ये सुरक्षित, ही समजूत अशीच. दार उघडलं की आतला सगळा ढग एकदम बाहेर येतो आणि बऱ्याच खोल्यांत डिटेक्टर नेमका त्या दाराबाहेरच्या बोळात असतो. गिझरच्या कडक पाण्यानं अंघोळ केली तरी कधी कधी तो त्याचमुळे वाजतो. खिडकीशी उभं राहून ओढणाऱ्यांनी जोतिबाचा वारा विचारात घेतलेला नसतो. डोंगरमाथ्यावर तो बाहेरचं आत ढकलतो.

रेल्वेच्या एसी डब्यांत आणि विमानाच्या शौचालयांत तर बारीक लक्ष ठेवणारी यंत्रणा असते. 9 ऑगस्ट 2023 रोजी तिरुपतीहून सिकंदराबादला निघालेल्या वंदे भारतमध्ये एका विनातिकीट प्रवाशानं शौचालयात धूम्रपान केलं. अलार्म वाजला, आग विझवणारी पूड आपोआप फवारली गेली, प्रवासी घाबरले आणि गाडी आंध्रातल्या मनुबोलू स्थानकात थांबवावी लागली. सप्टेंबर 2024 पासून कोल्हापूर-पुणे मार्गावरही वंदे भारत धावते. जोतिबाला त्या गाडीनं येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

गुलाल, धूप आणि धुकं

वेपला एकट्याला झोडपणं मात्र न्यायाचं नाही. जोतिबासारख्या ठिकाणी डिटेक्टरला छळणाऱ्यांत त्याचा नंबर बराच खाली लागेल.

पहिला मान गुलालाचा. यात्रेहून परतलेला माणूस खोलीत शिरतो, टोपी काढून मांडीवर आपटतो, सदरा झटकतो, शाल उलगडतो. पंखा चालूच असतो. गुलाबी धूळ वर जाते आणि डिटेक्टरच्या जाळीतून आत शिरते. एका झटकण्यानं अलार्म वाजेलच असं नाही. पण ही धूळ काळ्या पोकळीत साचत राहते आणि काळी भिंत हळूहळू गुलाबी होते. अशा भिंतीवरून प्रकाश आपोआपच थोडा विखुरतो. म्हणजे डिटेक्टर अलार्मच्या मर्यादेच्या काठावर येऊन बसतो आणि मग अगरबत्तीच्या एका रेषेनंही वाजतो. चांगल्या प्रतीचे डिटेक्टर ही साचलेली धूळ काही प्रमाणात हिशोबात धरून स्वतःची मर्यादा सरकवून घेतात. साध्यांना ते जमत नाही. याच ठिकाणी वेपचा दुसरा उपद्रव सुरू होतो. त्याचे चिकट थेंब आत बसले की धूळ निसटत नाही, घट्ट धरून राहते.

धूप-कापूर यांचा धूर तर खरोखरीचाच धूर. देवळात जाऊन आल्यावर खोलीत पुन्हा आरती करणारी कुटुंबं आहेत. डासांची कॉइल लावून झोपणारे आहेत. डिटेक्टरच्या दृष्टीनं यात आणि पेटलेल्या गादीच्या पहिल्या धुरात तत्त्वतः फरक नाही, फरक प्रमाणाचा.

धुक्याबद्दल मात्र कुणाला दोष द्यायचा? पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली तर पाण्याचे बारीक थेंब आत येतात आणि प्रकाश विखुरतात. थंड हवेच्या ठिकाणच्या लॉजवाल्यांना हा अनुभव असतो. उघड्या व्हरांड्यात, जिन्यात साधा धूरशोधक लावूच नये, तिथं हातानं दाबायचं बटन आणि उष्णतेवर चालणारा डिटेक्टर बरा, याचं हेच कारण.

थोडक्यात, धुकं थांबवता येत नाही, गुलाल थांबवायचा प्रश्नच नाही आणि धुपाला कुणी नको म्हणणार नाही. या यादीत पूर्णपणे टाळता येण्यासारखी गोष्ट एकच आहे. माझा वेपवर राग आहे तो एवढ्यापुरता.

गुलाल पेटतो हेही माहीत हवं

इथं थोडं विषयांतर करतो, पण ते कोल्हापूर जिल्ह्यातलंच आहे. 23 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे निकाल लागले. चंदगडचे नवनिर्वाचित आमदार शिवाजी पाटील यांची मिरवणूक गडहिंग्लज तालुक्यातल्या महागावात आली. बायका ओवाळत होत्या. जेसीबीतून वरून गुलाल टाकला गेला, तो निरांजनांवर आला आणि भडका उडाला. आमदारांसह काही जण भाजले.

पिठूळ पदार्थाची बारीक पूड हवेत दाट पसरली आणि तिला ज्योत मिळाली की ती एका क्षणात पेटते, मग ती पिठाच्या गिरणीतली असो की मिरवणुकीतली. तैवानमध्ये 27 जून 2015 रोजी एका मनोरंजन उद्यानात मक्याच्या पिठापासून केलेली रंगीत पूड उधळताना अशीच पेटली. 15 जणांचा जीव गेला आणि सुमारे 500 लोक भाजले.

खोलीत बसून दोघा-चौघांनी झटकलेल्या गुलालानं असा भडका होईल, असं नव्हे. पण बंद खोलीत पोती-पिशव्या रिकाम्या करणं, शेजारी निरांजन किंवा शेगडी चालू असणं, हे करू नये. वेपची तापलेली तार आणि दोष असलेली बॅटरी हीसुद्धा ठिणगीची कारणं होऊ शकतात. स्वस्तातल्या, चोरट्या बाजारातल्या वेपच्या बॅटरीला कसलीही हमी नसते. ती रात्रभर गादीवर चार्जिंगला लावून झोपणं हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार. अलार्म वाजवणारा वेपच आगीचं कारण झाला, तर खोटा अलार्म म्हणण्याचीही सोय राहणार नाही.

खोट्या अलार्मनं काय बिघडतं

वाजला तर वाजला, बंद करू, असं म्हणणाऱ्यांसाठी जळगाव जिल्ह्यातली एक घटना सांगायला हवी. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. घाबरलेल्या प्रवाशांनी साखळी ओढून रुळांवर उड्या टाकल्या आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान 12 जण मारले गेले. आग लागलेलीच नव्हती.

साताऱ्याच्या मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 रोजी काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या आणि जवळपास 300 भाविक गेले. डोंगर, अरुंद वाटा, पायऱ्या, गर्दी आणि कुठेतरी आग, हे गणित महाराष्ट्रानं एकदा पाहिलेलं आहे. जोतिबाच्या देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांची रुंदी आणि चैत्रातली गर्दी डोळ्यांसमोर आणा. त्या दिवशी कडेच्या लॉजमधून मध्यरात्री हूटर वाजला आणि तीस-चाळीस माणसं लहान मुलांना कडेवर घेऊन अंधारात पायऱ्यांवर धावत सुटली, तर?

यात्रेचा दिवस नसेल तेव्हा नुकसान वेगळं होतं, आणि ते सावकाश होतं. तीन वेळा खोटा वाजला की चौथ्यांदा कुणी अंथरुणातून उठत नाही. रूम बॉय धावत जात नाही, मॅनेजर पॅनेलवरचं बटन दाबून हूटर गप्प करतो आणि पुन्हा डोळे मिटतो. परदेशातही हीच डोकेदुखी आहे. स्कॉटलंडच्या अग्निशमन सेवेनं तर 1 जुलै 2023 पासून दुकानं-कार्यालयांसारख्या ठिकाणी नुसता अलार्म वाजला म्हणून गाडी पाठवणं बंद केलं. आधी कुणीतरी आग असल्याची खात्री करून कळवायचं, मग गाडी निघणार. जिथं माणसं झोपतात, अशी हॉटेलं आणि रुग्णालयं यांतून वगळली, हे विशेष.

टोपी, पिशवी आणि बंद झोन

खोलीत वेप ओढणाऱ्यांमध्ये एक युक्ती फिरते. डिटेक्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, मोजा चढवायचा, किंवा डबी फिरवून काढूनच ठेवायची. सकाळी खोली सोडताना पिशवी काढायची आठवण कितीजणांना राहते? पुढच्या रात्री त्या खोलीत दुसरंच कुटुंब येऊन झोपतं. वर पांढरी डबी बघून त्यांना वाटतं, सोय आहे. डबी काढली तर पॅनेलवर दोष दाखवला जातो खरा, पण पिशवी बांधलेली डबी पॅनेलला ठणठणीतच दिसते.

ओढणाऱ्यांचंच कशाला, लॉजवालेही कमी नाहीत. नवा डिटेक्टर येतो तेव्हा त्याच्यावर धूळ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकची रंगीत टोपी असते. रंगकाम संपलं की ती काढायची असते. कुठल्याही नव्या लॉजमध्ये वर बघा, ती टोपी तशीच राहिलेली दिसण्याची शक्यता आहे. आत यंत्र चालू, दिवा लुकलुकतो, धूर आत जायला मात्र वाटच नाही. दुसरा प्रकार झोन बंद करण्याचा. यात्रेच्या चार दिवसांत गुलालानं सारखा वाजतो म्हणून पॅनेलवरून एक मजलाच बंद करून ठेवतात. यात्रा संपते, पाहुणे जातात, झोन बंदच राहतो. ज्या चार दिवसांत इमारतीत सर्वांत जास्त माणसं झोपली होती, त्याच चार दिवसांत यंत्रणा आंधळी होती.

अग्निशमनाची मोठी गाडी घाट चढून, गर्दीतून वाट काढत वर येईपर्यंत बराच वेळ जातो. त्या वेळात डोंगरावरच्या माणसाकडे असतात ते विझवायचे सिलिंडर, पाण्याच्या टाक्या आणि लवकर मिळालेली सूचना. यातली सूचनाच बंद करून टाकली तर उरलेल्या दोन्ही गोष्टी उशिरा कामाला येतात. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री खासबागेजवळचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना कोल्हापूरकरांनी पाहिलं आहे. शाहू महाराजांनी उभारलेली, 1915 पासूनची ती वास्तू. सगळं शहर आणि अग्निशमन दल शेजारी असूनही ती वाचवता आली नाही.

कायद्याचं म्हणणं

भारतात वेपची विक्री बेकायदा आहे, हे ओढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं किंवा माहीत असून सोयीनं विसरलेलं असतं. 18 सप्टेंबर 2019 रोजी केंद्र सरकारनं अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी. पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणीसाठी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढण्याच्या कृतीला या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. पण वेप आकाशातून पडत नाही, तो कुणीतरी आणलेला आणि विकलेला असतो. पानपट्टीच्या गल्ल्याखालून तो विकणाऱ्याला ही कलमं थेट लागू होतात.

महाराष्ट्राला अशा झुरक्यांच्या हौसेची जुनी जखमही आहे. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईच्या कमला मिलमधल्या छतावरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 जण गेले. हुक्क्याच्या निखाऱ्यांनी ती लागल्याचं अग्निशमन दलाच्या चौकशीतून पुढे आलं. त्यानंतर 2018 मध्ये राज्यानं तंबाखू कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली.

लॉजमालकांसाठी महत्त्वाचा आहे तो महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. ज्या इमारतींना तो लागू आहे तिथं परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा तपासून घेऊन ती चालू असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. जोतिबाच्या हिशोबानं या दोन्ही वेळा चांगल्या बसतात. एक खेट्यांच्या तोंडावर, दुसरी ऐन धुक्यात. चैत्र यात्रेनंतरची गुलालाची सफाई मात्र कुठल्याच तारखेत बसत नाही, ती मालकानं आपल्या मनानं करायची.

खोली देणाऱ्यांनी, खोली घेणाऱ्यांनी

सफाई अवघड नाही. मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमनं डिटेक्टरच्या जाळीवरची धूळ बाहेर ओढून घ्यायची. ओलं फडकं नको, आणि ब्लोअरनं फुंकर तर मुळीच नको, त्यानं बाहेरचा गुलाल आत जातो. आतून गुलाबी झालेला डिटेक्टर एजन्सीकडून उघडून साफ करून घ्यायचा किंवा बदलायचा. तपासण्यासाठी खाली अगरबत्ती धरायची सवय सोडावी. त्यासाठी वेगळा फवारा मिळतो, अगरबत्तीचा चिकट धूर आत थर धरतो. पॅनेलमध्ये पहिली सूचना आल्यावर काही सेकंद थांबून पुन्हा खात्री करण्याची सोय असेल तर ती चालू करून घ्यावी. वेपचा ढग तेवढ्यात विरलेला असतो, खरी आग विरत नाही. यात्रेच्या काळात झोन बंद ठेवायचाच असेल तर त्या मजल्यावर रात्रभर फिरणारा माणूस ठेवावा आणि बंद केल्याची वेळ काउंटरच्या वहीत लिहावी, म्हणजे तो पुन्हा चालू होईल.

गुलाल झटकायला बाहेर एक जागा, तिथं एक बाक आणि कपडे टांगायला दोरी, एवढी सोय केली तरी निम्मं काम होतं. आरतीसाठीही अंगणात किंवा गच्चीवर कोपरा ठेवता येतो. यात खर्च नावाला.

पाहुण्यांसाठी सांगणं थोडं आहे. खोलीत शिरल्यावर एकदा वर बघा. डिटेक्टरवर टोपी किंवा पिशवी असेल तर काउंटरवर सांगून काढायला लावा, तो डिटेक्टर तुमच्या मुलाबाळांसाठी आहे. बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे हे उजेडात बघून ठेवा. अंगावरचा गुलाल बाहेर झटका, कॉइल आणि धूप बंद खोलीत लावू नका. वेप जवळ असेल तर खोलीत काढू नका. आणि काढलाच, अलार्म वाजला, तर काउंटरवर ताबडतोब खरं सांगा. लाजेनं गप्प बसलात तर मॅनेजरला खोली-खोली उघडून बघत फिरावं लागतं आणि तोवर सगळा मजला जिन्यात गोळा झालेला असतो.

अलार्म वाजला आणि कारण माहीत नसेल, तर तो खोटा समजू नका. दाराला हात लावून बघा, गरम नसेल तर उघडा, जिन्यानं खाली या, मोकळ्या जागी थांबा. धूर दिसला तर 101 किंवा 112 वर फोन करून आधी ‘जोतिबा डोंगर, वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा’ एवढा पत्ता सांगा आणि मग बाकीचं.